उपळ्याची पट्टी : तीव्र उतारावर घर बांधण्याआधीच्या पाहणीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पाटण-जावळीच्या डोंगरातून मुंबईला माथाडी कामाला गेलेल्या हजारो माणसांपैकी एक म्हणजे या प्रकरणातले दादा. आधी मुंबईत आणि मग वाशीच्या बाजारात त्यांनी उभी हयात गोणी वाहिल्या. निवृत्तीनंतर गावी घर बांधायचं आणि दोघांनी तिथंच राहायचं, हे त्यांचं आणि वहिनींचं जुनं ठरलेलं होतं. वाडी पाटण तालुक्यातली. गावाचं नाव आणि माणसांची ओळख मी इथे दिलेली नाही, मापं मात्र वहीतली जशीच्या तशी आहेत.

वाटणीत दादांना वीस गुंठ्यांचा एक डोंगरउताराचा तुकडा आला होता. वर काळा कडा, त्याच्याखाली गवताचा उतार, मग दादांची जमीन. तिच्याखाली दोन घरं, गोठे आणि डांबरी रस्ता. पट्टीच्या पूर्वेला एक घळ उतरते, पश्चिमेला डोंगराची सोंड पुढे येते. जुनं गावठाण या सोंडेवर आहे. दादांच्या मुलाला वरचा तुकडा पसंत होता, कारण तिथून समोरचं सगळं खोरं दिसतं. हजार चौरस फुटांचं घर, पुढे ओटा, मागे डोंगर असा नकाशा त्याने काढून आणला होता.

हे सगळं २०२१ च्या पावसाळ्यानंतरचं. त्या वर्षी २२ आणि २३ जुलैला पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे इथे दरडी कोसळून माणसं गाडली गेली. त्याच चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. माण-खटावला अख्ख्या वर्षात पाचशेच्या आसपास पडतो, म्हणजे एकाच सातारा जिल्ह्यातल्या एका भागाचा वर्षाचा पाऊस दुसऱ्या भागात एका दिवसात. दादांना हे सगळं माहीत होतं. तरी आपल्या पट्टीचा आणि त्या गावांचा काही संबंध असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. "आमच्या आज्यापासनं हितं कधी काय झालं न्हाई," हे त्यांचं पहिलं वाक्य होतं. डोंगरातल्या गावांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते पुढे आलं की मी त्यावर वाद घालत नाही, फक्त वहीत लिहून ठेवतो. आंबेघर किंवा असंच दरडीखाली गेलेलं माळीण ही गावं नवी नव्हती. तिथेही आज्या-पणज्यांची घरं होती.

अडचण कुठे सुरू झाली

सुरुवातीलाच माझी, म्हणजे पाहणी करणाऱ्याची, चूक सांगतो. फेब्रुवारीत मुलाने फोनवर चार फोटो पाठवले आणि विचारलं, "सर, इथे घर होईल का?" फोटोंत उन्हाळी पिवळं गवत, मागे सुंदर कडा. मी कामाच्या गडबडीत होतो. उत्तर दिलं, "होईल, मागच्या बाजूला रिटेनिंग वॉल घालावी लागेल." त्यातलं 'होईल' तेवढं घरात ऐकलं गेलं.

मार्चमध्ये गावात दुसऱ्या कुणाच्या रस्त्याच्या कामाला जेसीबी आला होता. आलाच आहे तर आपलंही उरकून घेऊ, म्हणून दादांनी दोन दिवसांत वरच्या तुकड्यावर अठरा मीटर लांब आणि साडेतीन मीटर उंच उभी खाप, म्हणजे उताराचा काप, मारून घेतली. निघालेली माती, माझ्या हिशेबाने ८० ते ९० ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट), खालच्या कडेला ढकलली आणि तोच भराव अंगण म्हणून सपाट केला. डोंगरात घरं बहुधा अशीच बसवली जातात. निम्मं घर खापेत, निम्मं भरावावर. त्यात तीन गोष्टी एकदम बिघडतात. उताराचा पायथा, ज्यावर वरचं सगळं ओझं टेकलेलं असतं, तो काढला जातो. उताराच्या बाहेरच्या कडेवर सैल मातीचा नवा भार पडतो. आणि घराच्या अर्ध्या पायाखाली कठीण जमीन, अर्ध्याखाली भुसभुशीत माती राहते, म्हणजे दरड नाही आली तरी भिंती तडकणार हे ठरलेलं.

मी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात जागेवर गेलो. खाप दिमाखात उभी होती, तिच्यातून मातीचा कणही गळत नव्हता. मुलगा म्हणाला, "बघा सर, महिना झाला, किती पक्कं आहे." तिथे उभं राहून मला माझं फेब्रुवारीचं उत्तर आठवलं. वाळलेली माती आणि मुरूम यांच्यात जो थोडासा ओलावा उरतो तो कणांना एकमेकांकडे ओढून धरतो. ती ताकद उसनी असते. दोन-तीन दिवसांची झड लागली की ती संपते. उन्हाळ्यात उभी राहिलेली खाप फक्त उन्हाळ्याबद्दल सांगते.

पाहणी

पहिल्या दिवशी मी घराच्या जागेकडे फार बघितलंच नाही. कड्यापर्यंत चढलो. जमिनीचा तुकडा सातबाऱ्याच्या रेघेने संपतो, उतार संपत नाही. वरच्या गटाच्या मालकाने गवताच्या उतारावर पाणी जिरवायला आडवे समतल चर खणले होते. माळरानावर ही चांगली गोष्ट आहे. इथे प्रत्येक चर म्हणजे दादांच्या घराच्या डोक्यावर पाणी मुरवणारी पन्हळ होती. मी त्याची नोंद केली आणि मालकाशी बोलायचं पुढच्या खेपेवर टाकलं. ते पुढे फार महागात पडलं असतं.

उतरताना धोक्याच्या तीन खुणा सापडल्या. जुन्या तालीच्या दगडी बांधाला दोन ठिकाणी पोट आलं होतं. ऐनाची आणि किंजळाची चार-पाच झाडं बुंध्याशी उताराकडे कलून पुन्हा सरळ वर गेलेली होती, म्हणजे झाड वाढत असताना खालची जमीन हळूहळू सरकत होती. आणि कड्यावरून सुटलेले गोटे. कड्याचे गोटे सगळीकडे असतातच. बघायचं असतं ते हे, की सर्वांत लांब गेलेला गोटा कुठे थांबलाय. इथे बैलगाडीएवढा एक गोटा घराच्या नियोजित जागेच्याही खाली, अर्धा मातीत रुतलेला होता. गावातल्या एका म्हातारबाबांनी सांगितलं की ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कड्यावरून दगड सुटले होते. हाच गोटा तेव्हाचा की आधीचा, ते त्यांना आठवत नव्हतं.

उतार मोजायला गवंड्याची लेव्हल नळी पुरते. दहा फूट आडवं गेलं की साडेचार फुटांना थोडं कमी उतरत होतं, म्हणजे सुमारे २४ अंश. प्रादेशिक योजनेत डोंगरमाथा-डोंगरउतार म्हणून दाखवलेल्या जमिनीवर १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकाम चालत नाही. १:५ म्हणजे दहा फुटांना दोन फूट. दादांची वरची पट्टी त्याच्या दुपटीहून जास्त तीव्र होती. जमीन योजनेच्या कुठल्या विभागात येते ते सांगणाऱ्या झोन दाखल्यासाठी त्याच आठवड्यात अर्ज केला, पण तो हाती येईपर्यंत जून उजाडला.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा दरडप्रवणतेचा नकाशाही पाहिला. परिसर कुठल्या गटात मोडतो ते त्यावरून कळतं आणि सुरुवात म्हणून तो पाहावाच. पण तो १:५०,००० प्रमाणाचा आहे. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे पाचशे मीटर. वीस गुंठ्यांची जागा त्यावर एक मिलिमीटरचीही भरत नाही. त्या नकाशावर बोट ठेवून 'माझं घर सुरक्षित रंगात आहे' असं कुणी म्हणत असेल तर त्याला थांबवावं.

जेसीबीने नुकसान केलं, पण जमीन उघडी करून दाखवली. खापेत वरचे दहा फूट नुसती तांबूस माती आणि तिच्यात वेडेवाकडे, धारदार कोपऱ्यांचे दगड, लहान-मोठे सगळे मिसळलेले. जागच्या जागी कुजून झालेला मुरूम असा नसतो. त्यात मूळ खडकाच्या फटी, पापुद्रे जिथल्या तिथे ओळखू येतात. इथे सगळं वरून आलेलं होतं. आज्याच्याही आधी कधीतरी ही घळीकडची बाजू खाली आली होती आणि त्या जुन्या दरडीच्या ढिगावर आपण उभे होतो. तळाशी दीड फुटाचा तांबडा, चिकट पट्टा होता. सह्याद्रीचा काळा दगड एकावर एक लाव्हाचे थर साचून झालेला आहे आणि दोन थरांच्या मध्ये असा तांबडा, मातकट पट्टा बऱ्याच ठिकाणी सापडतो. वरच्या थराच्या फटींतून उतरलेलं पाणी या पट्ट्याला अडतं, खाली जाऊ शकत नाही आणि आडवं बाहेर पडतं. त्यातली चिमूटभर माती ओली करून तळहातावर वळली तर सुतळीएवढी बारीक दोरी न तुटता होत होती. ज्या मातीची अशी दोरी होते ती पाणी धरून ठेवते.

मातीचे नमुने एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत दिले. पण या पाहणीतली सर्वांत मोलाची माहिती प्रयोगशाळेतून आली नाही. दुसऱ्या खेपेला वहिनींबरोबर शेजारच्या आजी बांधावर आल्या होत्या. मी सहज विचारलं, या पट्टीला काय म्हणतात? आजी म्हणाल्या, "उपळ्याची पट्टी म्हंत्यात. आखाडात तितं जनावर सुदीक बसत न्हाई सायेब. खालनं पानी उपळतंय. नाचणी लावली तर मुळं कुजत्यात." पहिल्या खेपेला मी चार पुरुषांना विचारलं होतं, पाणी कुठे येतं का? चौघांनी नाही म्हणून सांगितलं. चौघेही आषाढ-श्रावणात मुंबईत असायचे. लावणीला, गवताला, शेणाला त्या पट्टीवर जाणाऱ्या बायका होत्या आणि त्यांना मी विचारलं नव्हतं.

आकडे काय म्हणाले

नमुन्यांवरून मातीचा घर्षणकोन (कण एकमेकांवरून घसरायला किती अडतात त्याचं माप) ३० अंश आणि चिकटपणा ५ किलोपास्कल धरला. उताराची साधी आकडेमोड करताना माती खाली ओढणारं बल एका बाजूला आणि तिला धरून ठेवणारं बल दुसऱ्या बाजूला घेतात. धरणाऱ्याला ओढणाऱ्याने भागलं की सुरक्षा गुणांक मिळतो. एकच्या खाली गेला की उतार सुटतो. घरासाठी दीड तरी हवा.

दहा फूट जाडीचा थर, २४ अंशांचा उतार आणि जमीन कोरडी धरली तर गुणांक १.५३ आला. मुलाने लगेच विचारलं, "म्हणजे पास ना?" मग पाणी घातलं. निम्म्या जाडीपर्यंत पाणी चढलं तर १.२०. जमिनीखाली तीन फुटांपर्यंत आलं तर १.०६. दोन फुटांवर आलं तर बरोबर १. आणि पार पृष्ठभागापर्यंत आलं तर ०.८६. माती तीच, उतार तोच, फरक फक्त पाण्याचा. यात खापेचा हिशेब धरलेलाच नाही, आणि भूकंपाचाही नाही. कोयना खोऱ्यात तो सोडता येत नाही.

म्हणजे सगळा प्रश्न एका गोष्टीवर येऊन थांबला. पावसाळ्यात या पट्टीत पाणी किती वर चढतं? आजी म्हणत होत्या, वरपर्यंत. ते फुटा-इंचात मोजायला एक पावसाळा थांबावं लागणार होतं.

पर्याय

मेच्या सुरुवातीला दादांच्या जुन्या घराच्या पडवीत बसलो. दादा, वहिनी, मुलगा, चुलतभाऊ आणि मी.

पहिला पर्याय ठरल्या जागीच घर आणि मागे काँक्रीटची भिंत. भिंतीलाच सहा-सात लाख लागत होते. पैशाहून मोठी अडचण अशी की भिंत खापेपुरती माती धरते. कड्यापासून खालपर्यंतचा सगळा उतार सुटला तर तो भिंतीसकट येतो. दुसरा पर्याय खाप न मारता कातळापर्यंत खांब उतरवून वर घर ठेवायचा. याने पाया टिकला असता, पण वरून येणारे गोटे आणि माती खांबांना विचारून वाट बदलत नाहीत. तिसरा, रस्त्याजवळच्या खालच्या सपाट टप्प्यावर बांधायचं. हा सगळ्यांना सुरक्षित वाटत होता. डोंगरात मध्येच सपाट टप्पा दिसला की माणसाला तो देवाने घरासाठीच ठेवलाय असं वाटतं. कधी तो लाव्हाच्या थराचा कातळी टप्पा असतो, तेव्हा चांगलाच. कधी तो जुन्या दरडीचं साचलेलं पोट असतो. इथे सहा-सात फुटांचे दोन खड्डे घेतले तर वरच्यासारखीच मिसळ सापडली. शिवाय तो घळीच्या तोंडाशी होता. तिथला उतार आठ-नऊ अंशांचाच, म्हणजे नियमात बसणारा. पण दरड सुटते वर आणि येऊन थांबते खाली, सपाटीवर. नियमात बसणारी जागा आणि सुरक्षित जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या पडवीत तीनदा सांगावं लागलं.

चौथा पर्याय मुलाने मांडला : कराडला फ्लॅट घेऊ. वहिनी तोवर गप्प होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "फ्लॅटातच राह्यचं हुतं तर कोपरखैरण्याचं काय वाईट हाय?" कोपरखैरणे म्हणजे त्यांचं नवी मुंबईतलं राहतं ठिकाण. तो विषय तिथेच मिटला.

पाचवा पर्याय चुलतभावाकडून आला. सोंडेवर, जुन्या घराला लागून त्याचे तीन गुंठे मोकळे पडले होते. त्याने त्याच्या बदल्यात दादांच्या पट्टीतली खालची जमीन शेतीला मागितली. दादांना हे आवडलं नाही. जागा लहान, देखावा नाही, आणि भावाकडून बदली घेतली म्हणजे आपण हरलो असं त्यांना वाटत होतं. तसं ते म्हणाले नाहीत, पण दिसत होतं. मी त्या दिवशी निर्णय मागितला नाही. एवढंच मागितलं की एक पावसाळा वरच्या पट्टीवर एक वीटही चढवू नका. पाइप, खड्डे, तपासणी मिळून अठ्ठावीस हजारांचा खर्च होता. दादांनी थोडा विचार करून होकार दिला.

काय केलं

सर्वांत आधी खालच्या कडेला ढकललेला सैल भराव उचलायचा होता. खाली दोन कुटुंबं झोपत होती. दादांच्या घराचं काय व्हायचं ते होवो, त्यांच्या डोक्यावर ही माती आपण आणून ठेवली होती. ती परत खापेच्या पायथ्याशी आणली. आधी दगडांचा थर, त्यातून पाणी बाहेर काढायला पाइप, पुढे जाळीत भरलेल्या दगडांची भिंत आणि मागे थराथराने दाबलेली माती. जाळीची भिंत मला काँक्रीटपेक्षा इथे बरी वाटली. तिच्यातून पाणी निघून जातं आणि ती थोडी वाकली तरी तुटत नाही.

अठरा मीटरपैकी अकरा मीटर झालं आणि वळवाने गाठलं. पूर्वेकडचे सात मीटर तसेच राहिले. त्यावर ताडपत्री टाकली आणि वरून पाणी वळवायला चर काढला.

पट्टीवर तीन ठिकाणी छिद्रं पाडलेले पीव्हीसी पाइप पुरले. चुलतभावाची दहावीतली मुलगी रोज सकाळ-संध्याकाळ दगड बांधलेली सुतळी आत सोडायची आणि पाणी किती खाली आहे ते वहीत लिहायची. सरळ भिंतीच्या डब्यात पाऊस मोजायची. खापेच्या वर खुंट्यांच्या चार जोड्या ठोकल्या होत्या, त्यांमधलं अंतर आठवड्यातून एकदा टेपने. आम्ही दोन आकडे ठरवून भिंतीवर लिहिले. पाणी पाच फुटांवर आलं की मला फोन. तीन फुटांवर आलं की खालची दोन्ही घरं रिकामी करायची.

जुलैचे चार दिवस

जून कोरडा गेला. पाइपात पाणीच नव्हतं. झोन दाखला आला आणि वरची पट्टी डोंगरउतारातच निघाली. कागदावर तिथेच विषय संपला, पण उघडी खाप आणि खालची घरं कागदाने मिटणारी नव्हती.

जुलैत झड लागली. पहिल्या दिवशी डब्यात १६५ मिलिमीटर, दुसऱ्या दिवशी २१०. दुसऱ्या संध्याकाळी मधल्या पाइपात पाणी पाच फुटांवर होतं आणि मला फोन आला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी पोचलो तेव्हा चार वाजता ते तीन फुटांवर होतं. खुंट्यांची एक जोडी पंधरा मिलिमीटर फाकली होती आणि गवतात केसासारखी भेग दिसत होती.

या प्रकरणातला खरा निर्णय तो होता, आणि तिथे मी पाऊण तास घालवला. मनात हिशेब चालू होता. चिकटपणा ५ धरलाय, कदाचित ८ असेल. आज उठवलं आणि काही झालं नाही, तर पुढच्या वेळी कोण ऐकेल? मुलीने विचारलं, "काका, तीनच आकडा ठरलेला ना?" तेव्हा मी उठलो. शांत डोक्याने ठरवलेला आकडा घाबरलेल्या डोक्याने बदलायचा नसतो.

लोक निघायला तयार होते, पण म्हशी सोडून नाही. आधी म्हशींना सोंडेवरच्या गोठ्यात हलवलं, मग माणसं निमूट निघाली. जिल्हा परिषदेच्या शाळेत सोय केली. सात वाजले. त्याच वेळी चुलतभाऊ आणि दोन पोरं वर जाऊन चरांचं पाणी घळीकडे फोडून आली. वरच्या मालकाने फोनवर एका शब्दात परवानगी दिली. तोच फोन मी एप्रिलमध्ये केला असता तर अंधारात, पावसात, तशा उतारावर तीन माणसं पाठवावी लागली नसती. त्या तासाभराची धास्ती अजून माझ्या अंगात आहे.

रात्री पाणी दोन फुटांवर आलं. पहाटे तीनच्या सुमारास ताडपत्रीखालचे सात मीटर सुटले. दहा-बारा ब्रास चिखल-दगड खालच्या एका गोठ्याच्या मागच्या भिंतीपासून तीस फुटांवर येऊन थांबले. जाळीच्या भिंतीचे अकरा मीटर पुढे पोटासारखे आले, पण उभे राहिले. सकाळी खुंट्या चाळीस मिलिमीटर फाकल्या होत्या. चौथ्या दिवशी पाऊस उतरला, पाणी हळूहळू चार फुटांवर गेलं. गणिताने दोन फुटांना गुणांक एक सांगितला होता, आणि पट्टी जवळजवळ त्याच ठिकाणी हलली. इतकं नेमकं जमणं हा योगायोगाचाही भाग आहे, प्रत्येक जागी असं जमेल असं धरू नये.

निष्पत्ती

दादांनी चौथ्या दिवशी सकाळी ती भेग पाहिली. भेगेच्या खालच्या बाजूला, जिथे नकाशात स्वयंपाकघर होतं, तिथे ते बराच वेळ उभे होते. खाली आले आणि भावाला म्हणाले, "सोंडेवरचं लिहून दे."

पुढच्या उन्हाळ्यात तिथे सव्वासातशे चौरस फुटांचं घर झालं. सोंडेवर पाणी दोन्ही अंगांनी वाहून जातं, एका जागी गोळा होत नाही. खड्ड्यात चार फुटांवर सलग कातळ लागला, सगळ्या पायाखाली एकच. घर जमिनीच्या उताराप्रमाणे दोन पायऱ्यांत बसवलं, कुठेही तीन फुटांपेक्षा जास्त खाप नाही. भूकंपाच्या दृष्टीने जोत्याला, दारं-खिडक्यांच्या वर आणि छपराखाली काँक्रीटच्या सलग पट्ट्या घातल्या. पागोळीचं पाणी पन्हळीने गोळा करून पाइपाने थेट ओढ्यात सोडलं. सव्वासातशे फुटांच्या छपरावर २०० मिलिमीटर पाऊस पडला तर ते एका दिवसाचं साडेतेरा हजार लिटर होतं. एवढं पाणी लोक घरामागे नुसतं सोडून देतात. शोषखड्डाही घरापासून दूर, सोंडेच्या पलीकडच्या अंगाला घेतला.

वरच्या पट्टीवर उरलेली खाप भरून काढली, वाळा लावला आणि भेग चिकट मातीने बुजवली, पाणी आत जाऊ नये म्हणून.

आज पुन्हा केलं तर

फोटो बघून उत्तर देणार नाही. 'जागा पाहिल्याशिवाय सांगता येत नाही' हे एक वाक्य फेब्रुवारीत लिहिलं असतं, तर मार्चचा जेसीबी आला नसता. झोन दाखला सर्वांत आधी मागेन. तो पहिलं दार आहे, शेवटचं नाही.

खाप अर्धी भरायला घेतली तेव्हा मी पश्चिमेकडून सुरुवात केली, कारण रस्ता तिकडून होता आणि दगड उतरवायला सोपं पडत होतं. पूर्वेची बाजू घळीकडची, जास्त पाण्याची, आणि तिच्याच खाली गोठा. वेळ अपुरा पडणार हे दिसत असताना सोय बघितली, धोका नाही. सुटलेले सात मीटर तेच होते.

वरच्या गटाच्या मालकाला पहिल्याच दिवशी भेटेन. आणि पट्टीचं नाव काय, तिथे आषाढात कोण जातं, हे त्या बायकांना आधी विचारेन, लेव्हल नळी काढायच्या आधी.

सोंडेबद्दल अजून एक बोच आहे. कड्यावरून गोटे तिकडे येत नाहीत हे आम्ही डोळ्यांनी, जुने गोटे पाहून ठरवलं. कड्याच्या फटी दोर लावून जवळून पाहायला हव्या होत्या. खर्च जास्त म्हणून टाळलं. दादांना तसं सांगितलंय आणि दर मे महिन्यात दुर्बिणीतून कडा पाहायचं ठरलंय.

आणि खालची दोन घरं तिथेच आहेत. दादांनी जागा बदलली म्हणून त्यांच्यावरचा जुना ढीग कुठे गेलेला नाही. त्यांच्याकडे बदलायला सोंडेवर जमीन नाही. पुनर्वसनासाठी अर्ज दिला आहे, त्याला वहीतल्या पाण्याच्या नोंदी आणि भेगेचे फोटो जोडले आहेत. निर्णय यायचा आहे. तोवर पाइप पट्टीतच आहेत आणि भिंतीवरचे दोन आकडे पुसलेले नाहीत. मुलगी आता कॉलेजला कराडला असते, म्हणून सुतळी तिच्या धाकट्या भावाकडे आली आहे.